कंसांत मावणारे कुळ

चाळीसगावच्या नैर्ऋत्येला, सातमाळ्याच्या पायथ्याशी पाटणादेवी आहे. नवरात्रात इथे पाय ठेवायला जागा नसते, आणि पावसाळ्यात धवलतीर्थाचा धबधबा पाहायला कॉलेजची पोरे गाड्या काढून येतात. या पाटणच्या देवळातल्या एका शिळेवर विद्वानांच्या घराण्याच्या नऊ पिढ्या कोरलेल्या आहेत. त्या घराण्यात सातवा कोण, तर भास्कराचार्य. ‘लीलावती’ आणि ‘सिद्धांतशिरोमणी’ लिहिणारे.

हा लेख जगापुढे आणला तो मुंबईच्या डॉ. भाऊ दाजी लाड यांनी. १८६५ साली लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात त्यांचा एक निबंध आला. आर्यभट, वराहमिहिर, ब्रह्मगुप्त, भटोत्पल आणि भास्कर यांचा काळ कोणता, हा त्याचा विषय. त्यात त्यांनी पाटणचा लेख पुराव्याला घेतला. पुढे जर्मन पंडित कीलहॉर्न यांनी ‘एपिग्राफिया इंडिका’च्या पहिल्याच खंडात तो नीट वाचून छापला. शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी १८९६ च्या ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ या ग्रंथात भास्कराच्या कुळाची हकीकत सांगताना याच लेखाचा आधार घेतला.

लेखाचे कारण साधे आहे. भास्कराचा नातू चंगदेव हा देवगिरीच्या सिंघण यादवाचा मुख्य ज्योतिषी. आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्याने पाटणला मठ काढला. स्थानिक सत्ता निकुंभ घराण्याची, यादवांच्या मांडलिकांची. त्यांच्यातल्या सोइदेवाने १२०७ सालच्या श्रावणी पौर्णिमेला, चंद्रग्रहणाच्या पर्वकाळी मठाला दान दिले. त्याचा भाऊ हेमाडिदेव यानेही दिले. मजकूर बहुतांशी संस्कृतात. शेवटचा तुकडा मात्र जुन्या मराठीत आहे, आणि त्यात मठाला कोणी काय द्यायचे याची व्यवहारी यादी आहे. तेलाच्या घाण्याचा वाटा सांगायचा म्हटल्यावर कोरणाऱ्याला बाजाराच्या भाषेत उतरावेच लागले. (जळगावकर वाचकाच्या मनात चंगदेव म्हटले की तापी-पूर्णेच्या संगमावरचे चांगदेव आणि वाघावर बसून आलेले योगी उभे राहतात. त्यांचा या ज्योतिष्याशी संबंध नाही.)

या एका शिळेवर तीन वंश आहेत. भिल्लम, जैत्रपाळ, सिंघण हे यादव. मग निकुंभ. आणि मग शांडिल्य गोत्रातले हे पंडित: त्रिविक्रम, त्याचा मुलगा भास्करभट्ट, ज्याला भोजराजाने विद्यापती पदवी दिली, त्याचा गोविंद, त्याचा प्रभाकर, त्याचा मनोरथ, त्याचा महेश्वर, त्याचा भास्कर, त्याचा लक्ष्मीधर, त्याचा चंगदेव. लक्ष्मीधराला जैत्रपाळाने इथून बोलावून नेऊन पंडितांचा अग्रणी केले, हेही लेख सांगतो. राजे विद्वानांना गावातून उचलून राजधानीत नेत, आणि घराण्याला ते अभिमानाने दगडावर लिहावेसे वाटे.

नऊ नावे एकाखाली एक. याला झाड म्हणता येत नाही. हा सरळ सोट आहे, माडासारखा. फांदी फुटायला भाऊ लागतो, आणि पंडितांच्या या ओळीत भाऊच नाही.

भाऊ सापडतो तो त्याच तालुक्यात, गिरणेकाठच्या बहाळला. पुरातत्त्वाच्या मंडळींना बहाळ ठाऊक आहे ते १९५० च्या दशकात तिथे झालेल्या उत्खननामुळे आणि तिथल्या ताम्रपाषाणयुगीन वस्तीमुळे. पण तिथेही एक शिलालेख आहे, शके ११४४ चा, म्हणजे १२२२ सालचा. सिंघणाचा मुख्य ज्योतिषी अनंतदेव याने भवानीचे देऊळ बांधले, आणि त्याची प्रशस्ती त्याच्या धाकट्या भावाने, महेश्वराने रचली. प्रशस्तीत घराण्याची ओळख येते: मनोरथ, त्याचा मुलगा महेश्वर, त्याचा श्रीपती, त्याचा गणपती, त्याचा अनंतदेव. गोत्र शांडिल्य.

बहाळच्या लेखात भास्कराचार्यांच्या वंशजांचा उल्लेख नाही आणि पाटणच्या लेखात श्रीपतीचा नाही. दोन्ही शिळा आपापल्या बाजूची ओळ सांगून मोकळ्या होतात. पण गोत्र तेच, धंदा तोच, राजा तोच, आणि मनोरथ-महेश्वर ही जोडी दोन्हीकडे त्याच क्रमाने. दोन्ही लेख शेजारी ठेवले की महेश्वरापाशी ओळ फुटते. एका बाजूला भास्कर, दुसऱ्या बाजूला श्रीपती. चंगदेव आणि अनंतदेव हे चुलतचुलत भाऊ ठरतात आणि पंधरा वर्षांच्या अंतराने एकाच राजाचे ज्योतिषी म्हणून भेटतात. बहाळचा लेख आणखी एक काम करतो. महेश्वराने स्वतः ज्योतिषावर ग्रंथ लिहिले होते आणि अनंतदेवाने वराहमिहिराच्या बृहज्जातकावर टीका लिहिली, हे त्यातून कळते. पाटणच्या ओळीत महेश्वर केवळ भास्कराचा बाप होता; बहाळने त्याला स्वतःचे पुस्तकांचे कपाट दिले.

उत्क्रांतीचे अभ्यासकही हेच करतात. आज जिवंत असलेल्या दोन जाती घ्यायच्या, दोघींत सारख्या असलेल्या खुणा मोजायच्या आणि मागे जात जात दोघींचा सामाईक पूर्वज कुठे येतो ते ठरवायचे. पूर्वज प्रत्यक्ष हाती लागतोच असे नाही. चाळीसगाव तालुक्यात तो नावानिशी लागला, ही चैन जीवशास्त्रज्ञांना क्वचित मिळते.

या झाडात कोण नाही तेही पाहायला हवे. लीलावती नाही. भास्कराची मुलगी, तिचे लग्न, घटिकापात्रात पडलेला मोती, टळलेला मुहूर्त ही गोष्ट मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेली. तिचा उगम सापडतो तो फैजीने १५८७ साली अकबराच्या दरबारात केलेल्या ‘लीलावती’च्या फारसी भाषांतराच्या प्रस्तावनेत. गंमत अशी की हाच फैजी पुढे १५९१ मध्ये अकबराचा वकील म्हणून खानदेशच्या फारुकी सुलतानाकडे आला होता. तोपर्यंत पाटणच्या शिळेला पावणेचारशे वर्षे झाली होती, आणि तिच्यावर लक्ष्मीधर होता, लीलावती नव्हती. ती नव्हतीच, असे यावरून सिद्ध होत नाही. मुली, बायका, आया या लेखांत येतच नाहीत. पंडितांच्या नऊ पिढ्यांत एकाही आईचे नाव नाही.

ही खोड आठशे वर्षांनीही गेलेली नाही. जळगाव-धुळ्यात जातवैधता प्रमाणपत्रासाठी धावपळ करणाऱ्या कुठल्याही घरात वंशावळीचे प्रतिज्ञापत्र पाहायला मिळते. वर खापरपणजोबा, मग रेघा, मग अर्जदार. कोतवाल बुकातली जन्मनोंद, शाळेचा दाखला, मोडीतली एखादी जुनी नोंद, त्या प्रत्येकावरचे नाव या रेघांवर कुठे बसते ते दाखवायचे. आत्या सहसा नसते, आजी नसतेच. वडिलांच्या बाजूचा चुलत भाऊ मात्र सोन्याच्या मोलाचा, कारण त्याची वैधता झालेली असेल तर पुरावा भक्कम होतो. म्हणजे फांदी दाखवण्याची गरज इथेही भावामुळेच पडते.

शिळेने झाड काढलेले नाही, लिहिलेले आहे. अमक्याचा मुलगा तमका, त्याचा फलाणा. ओळीने वाचत जायचे आणि चित्र वाचणाऱ्याने डोक्यात किंवा कागदावर काढायचे. जगभर वंश असेच टिकले, कारण मजकूर नकलून घेता येतो, पाठ करता येतो, दगडावर ओळीत बसवता येतो. रेघांचे चित्र नकलताना हात चुकला की काका पुतण्या होतो.

जीवसृष्टीच्या बाबतीत चित्र आधी आले. डार्विनने १८३७ साली आपल्या वहीत फांद्यांचे एक ओबडधोबड रेखाटन केले, आणि १८५९ च्या ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’मध्ये छापलेली एकमेव आकृती फांद्या फुटत जाणाऱ्या रेघांचीच आहे. संगणक आल्यावर मात्र अडचण झाली. यंत्राला चित्र नको, मजकूर हवा. आर्थर केली या गणितज्ञाने १८५७ मध्येच दाखवले होते की असे कुठलेही झाड कंसांत लिहिता येते. १९८६ च्या जूनमध्ये अमेरिकेत उत्क्रांतीचा अभ्यास करणारे काही जण न्यू हॅम्पशायरमधल्या डोव्हर गावी एका मासळीच्या खाणावळीत जमले आणि त्यांनी कंसांची एक सर्वमान्य लेखनपद्धत ठरवून टाकली. खाणावळीचे नाव न्यूइक. पद्धतीचेही नाव तेच पडले. विज्ञानातली बरीच मोठी कामे जेवणाच्या टेबलावर उरकली जातात. निदान इथे टेबलाचे नाव तरी राहिले.

नियम थोडेसेच. एका बापाची मुले एका कंसात, स्वल्पविराम देऊन. कंस मिटला की लगेच बापाचे नाव. शेवटी अर्धविराम. पाटण आणि बहाळच्या शिळा मिळून जे कुळ होते, त्यातला महेश्वरापासूनचा भाग या पद्धतीत असा लिहावा लागतो:

(((चंगदेव)लक्ष्मीधर)भास्कर,((अनंतदेव,महेश्वर)गणपती)श्रीपती)महेश्वर;

पाच कंस उघडतात, पाच मिटतात. दोन शिलालेख, दोन मुख्य ज्योतिषी आणि एक मठ एका ओळीत आले. यात महेश्वर दोनदा आहे, पणजोबा आणि पणतू. माणसाला त्यात अडचण वाटत नाही, आजोबा-पणजोबांचे नाव ठेवायची रीतच आहे. यंत्र मात्र दोघांना एक समजण्याचा धोका असतो, म्हणून जाणता लिहिणारा तिथे पहिला-दुसरा असे काही जोडतो. इतिहासकारांनाही हा धोका नवा नाही. या कुळात भास्करही दोन आहेत, भोजाने गौरवलेला भास्करभट्ट आणि त्याच्या सहाव्या पिढीतला, बीजगणितात जगाला मागे टाकणारा.

विकिपीडिया २००१ मध्ये सुरू झाला, मराठी विकिपीडिया १ मे २००३ ला, महाराष्ट्र दिनी. तिथे झाडे काढण्याच्या दोन रीती रूढ झाल्या, आणि दोघींचा स्वभाव अगदी वेगळा आहे. एक रीत घराण्यांसाठीची. यात लिहिणाऱ्याने चौकटी आणि रेघा स्वतः मांडायच्या. प्रत्येक रेघेसाठी कळफलकावरचे एक चिन्ह ठरलेले. उद्गारचिन्ह टाकले की उभी रेघ, संयोगचिन्ह टाकले की आडवी, स्वल्पविराम टाकला की कोपऱ्यातले वळण. चार पिढ्यांचे घराणे असे टाइप करून पडद्यावर पाहिले तर मूळ मजकुरात उद्गारचिन्हांचा पाऊस दिसतो, जणू कोणी रागाने लिहिले आहे. मधेच एखादा भाऊ नव्याने सापडला तर सगळ्या ओळी सरकवाव्या लागतात.

दुसरी रीत जीवशास्त्रातून आली. तिचा साचा ‘क्लेड’ नावाचा. दोन महिरपी कंस उघडायचे, साच्याचे नाव लिहायचे, मग उभी रेघ देऊन पहिले मूल, पुन्हा उभी रेघ देऊन दुसरे मूल. मुलाला पुढे मुले असतील तर नावाच्या जागी आत आणखी एक क्लेड उघडायचा. रेघ कुठे जाईल, किती लांब असेल, हे लिहिणारा सांगतच नाही. कोण कोणाच्या पोटी, एवढेच तो सांगतो. रेघा साचा काढतो. पडद्यामागे खरे तर झाड नसतेच, एकात एक बसवलेले तक्ते असतात आणि त्यांच्या काही कडा तेवढ्या रंगवलेल्या असतात. नवा भाऊ सापडला तर एक ओळ घालायची. मिटणारा महिरपी कंस एखादा कमी पडला मात्र, की सगळे झाड कोसळून पानावर नुसता कंसांचा ढिगारा उरतो, आणि संपादक मंडळी डोळे ताणून कुठला कंस कोणाचा ते मोजत बसतात.

पाटणचा कोरक्या या दुसऱ्या रीतीचा माणूस म्हणायला हवा.

खानदेश स्वतःच या पद्धतीत लिहिता येतो. इंग्रजी अमलात खानदेश हा एक जिल्हा होता. १९०६ मध्ये त्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन झाले. पूर्वेचा पुढे जळगाव झाला, पश्चिमेचा धुळे, आणि १ जुलै १९९८ ला धुळ्यातून नंदुरबार निघाला. (जळगाव,(धुळे,नंदुरबार)पश्चिम_खानदेश)खानदेश; असे लिहिले की काम झाले. नावात मोकळी जागा चालत नाही म्हणून मधे खालची रेघ. धुळे आणि नंदुरबार सख्खे, जळगाव चुलत.

इतके नेटके झाड पाहून समाधान वाटते, पण ते फार टिकत नाही. १८६९ मध्ये नाशिक जिल्हा नव्याने घडवला तेव्हा मालेगाव, नांदगाव, बागलाण हा मुलूख खानदेशातून काढून त्याला जोडला, आणि बाकीचे तालुके अहमदनगरकडून आले. म्हणजे नाशिकला दोन बाप. कंसांच्या पद्धतीत एका मुलाला दोन बाप देण्याची सोयच नाही. झाडाच्या फांद्या फुटतात, पुन्हा जुळत नाहीत, हे त्यात गृहीत धरलेले आहे. आजही सटाण्याच्या बाजारात अहिराणी कानावर पडते, आणि सरकारी कागदावर तो नाशिक जिल्हा असतो.

अहिराणीचेच घेऊ. भाषांचे झाड जर्मन भाषाशास्त्रज्ञ श्लायखर याने १८५३ मध्ये, म्हणजे डार्विनच्या ग्रंथाच्या सहा वर्षे आधी छापले होते. त्या विचाराचे वारे हिंदुस्थानात पोहोचले ते ग्रिअर्सनच्या भाषा-पाहणीतून. पाहणीच्या नवव्या खंडाचा तिसरा भाग १९०७ साली निघाला. त्यात भिल्ली बोली, बंजारी आणि त्यांच्या सोबत खानदेशी. मराठीचा खंड वेगळा, सातवा. म्हणजे धुळ्याच्या माणसाची घरची बोली मराठीच्या फांदीवरून उचलून गुजराती-भिल्लीच्या शेजारी ठेवली गेली. कारणे होती. अहिराणीत माझा-तुझा नाही, मना-तुना आहे. हा ‘ना’ गुजरातीच्या ‘नो’जवळ जातो. पण धुळे-अमळनेरचा माणूस शाळा, कोर्ट, कीर्तन आणि वर्तमानपत्र मराठीत करतो, शब्दांचा निम्मा साठा मराठीतून घेतो, आणि त्याचे घरचे बोलणे पिढीगणिक मराठीकडे सरकते. मग ही फांदी कुठे लावायची? श्लायखरच्याच शिष्यवर्गातल्या योहानेस श्मिटने १८७२ मध्ये सांगितले की भाषा झाडासारख्या नसून पाण्यात उठणाऱ्या लाटांसारख्या पसरतात आणि एकमेकींत मिसळतात. खानदेशापुरते तरी श्मिटचे पारडे जड आहे.

त्यात पोटभेद आहेतच. बहिणाबाई चौधरी जळगावजवळच्या असोद्याच्या. त्यांची भाषा अहिराणी, असे बाहेरचे लोक सर्रास लिहितात, आणि दर वेळी कोणी तरी लेवा गणबोलीचा जाणकार पत्र पाठवून दुरुस्ती करतो. दुरुस्ती योग्य असते. २०११ च्या जनगणनेत सुमारे साडेअठरा लाख लोकांची मातृभाषा खानदेशी म्हणून नोंदली गेली. ही बोली बोलणारे, पण गणकाला ‘मराठी’ सांगणारे त्यात येत नाहीत, म्हणून खरा आकडा मोठा असणार.

धुळ्यात वंश शोधण्याचे वेड असलेला सर्वांत मोठा माणूस विश्वनाथ काशिनाथ राजवाडे. घराणी, गावे, शब्द, सगळ्यांचे मूळ त्यांना हवे असे. ३१ डिसेंबर १९२६ ला ते धुळ्यातच गेले, आणि लगेच तिथे त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ उभे राहिले. त्यांनी गोळा केलेला मराठी धातुकोश याच मंडळाने छापला. क्रियापदांची ती एक वंशावळच आहे. राजवाड्यांचे अंदाज पुष्कळ ठिकाणी धाडसी, काही ठिकाणी अतिधाडसी. एका धातूला एकच बाप असलाच पाहिजे, हा त्यांचा हट्ट होता.

त्याच काळात पुण्याला भांडारकर संस्थेत महाभारताची चिकित्सक आवृत्ती चालू होती. वि. सी. सुकथनकरांनी १९३३ मध्ये पूर्ण केलेल्या आदिपर्वाच्या प्रस्तावनेत पोथ्यांच्या पाठपरंपरांचा वंशवृक्ष छापलेला आहे. तो छापतानाच त्यांनी बजावले की पोथ्या एकमेकींत मिसळलेल्या आहेत, लेखक एका पोथीची नक्कल करताना दुसरीतले श्लोक घालत असत. वृक्ष काढून लगेच त्याला मर्यादा घालणारा हा संपादक राजवाड्यांपेक्षा सावध होता, आणि या विषयात सावधपणा अधिक कामाचा.

झाडाला सर्वांत जास्त चकवतो तो जळगावचाच माल, केळी. रावेर-यावलच्या बागांतले बसराई असो की ग्रँड नैन, दोन्ही कॅव्हेंडिश गटातली. गुणसूत्रांचे तीन संच असल्यामुळे त्यांत बी धरत नाही. शेतकरी कंद लावतो किंवा उतिसंवर्धित रोप आणतो, आणि कापणीनंतर बुंध्याशी आलेल्या पिलावर पुढची पीलबाग धरतो. पील म्हणजे आईचीच हुबेहूब प्रत. तिथे फांदी फुटतच नाही, एकच रेघ लांबत जाते. आणि उलट टोकाला, जगातल्या कितीतरी खाण्याच्या केळी या म्युझा अक्युमिनाटा आणि म्युझा बाल्बिसिआना या दोन रानटी जातींच्या संकरातून आलेल्या आहेत, म्हणजे तिथे दोन फांद्या जुळतात.

म्हणून रानटी जातींचे झाड क्लेडच्या साच्यात सुबक बसते, पण बागेतल्या केळीपाशी साचा थांबतो. सिमंड्स आणि शेफर्ड या दोघांनी १९५५ मध्ये त्यावर वेगळा तोडगा काढला: झाड सोडून द्यायचे आणि कुठल्या रानटी आईबापाचे किती संच आले तेवढे अक्षरांत लिहायचे. कॅव्हेंडिशला तीनदा ‘ए’, कारण तिन्ही संच अक्युमिनाटाचे. ज्यांत बाल्बिसिआनाचा वाटा आहे त्यांना ‘ए’ आणि ‘बी’ मिळून. विकिपीडियावरही या केळी झाडात नसतात. झाडाखाली वेगळा तक्ता असतो आणि त्यात गटवार नावे. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, आणि तिथे तर वंशाचा प्रश्न मागेच पडला. मानांकन मिळाले ते तापीकाठच्या मातीला, हवेला आणि बाग राखण्याच्या रीतीला.